केरबा तात्याचा बरफाचा डोंगर

केरबा तात्याच्या तोंडून मी कुणाबद्दल कधी चांगला शब्द ऐकला न्हाई. एकच ऐकला, तो पण एका डोंगराबद्दल, आणि तो डोंगर जपानात.

हिंगोलीच्या जिनिंगमध्ये कापूस पारखायचं काम त्याचं. मी तिथंच वजनकाट्यावर. गाडी आवारात शिरली की तात्या उठायचा, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर उपटायचा आणि दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचा. ताणताना कापसाकडं बघायचा न्हाई. गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघायचा. मग बोलायचा. नरसीहून आलेल्या एका म्हाताऱ्याला म्हणाला, "मामा, कापूस पावसात भिजला का घरात कोनी रडलं याच्यावर?" म्हाताऱ्याचं पोरगं खरंच गेलं होतं. त्यानं तसं सांगितलं. तात्या जरा पण हलला न्हाई. "मंग वाळवून आनायचा," म्हणाला, आणि भाव पाडला.

माणसांना पण तो कापसाच्याच भावात तोलायचा. किडका, पिवळा पडलेला कापूस असतो, त्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. मी कवडी. मुनीमजी सरकी, म्हणजे पिळल्याबिगर तेल न देणारे. सगळ्या हिंगोलीला मिळून त्याचं एकच म्हणणं होतं. आमच्याकडचा काळा दगड कधीकाळी जमिनीतून उकळत निघालेला, हे तो कुठं तरी ऐकून आला होता. "आग हुती ती गेली कवाच," म्हणायचा. "ही थंड झालेली राख हाय. मानसं बी."

अशा माणसाची नक्कल करायला मजा येते. मी नकला करतो, शाळेत असल्यापासून. दुपारी यंत्र थांबलं की हमाल मला मधी उभं करायचे, आणि तात्याची फर्माईश आधी व्हायची. सामान काही लागत न्हाई. समोर काहीतरी लखलखून राहिलंय असे डोळे बारीक करायचे, वैशाखात पण डोक्यावर लोकरीची कानटोपी आहे असं समजायचं, आणि गुडघे वाकवून चालायचं. सपाट आवारात पण तात्या उतारावर असल्यासारखा चालायचा. एकदा मी असा चालून राहिलो होतो आणि एकदम सगळे गप्प झाले. तात्या माझ्या मागं उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गुडघे आजून वाकव कवडे," म्हणाला. "अशा पायानं तू पयल्याच वळनाला मरशील."

हे वळण कोणतं, ते हिंगोलीत सगळ्यांना पाठ होतं. मुंबईच्या एका कंपनीनं तात्याला जपानला धाडलं होतं. आपला कापूस तिथल्या गिरणीत उतरला की त्याची पारख करायची. चार वर्षं होता तिथं. कंपनी बुडाली, तात्या बोटीनं परत आला आणि हिंगोलीत येऊन आमच्यावर राग काढत बसला. चहाच्या वेळी कुणी नुसतं "गरमी लई हाय" म्हटलं की तो सुरू.

"गरमी म्हंजी काय ते तुमाला काय कळतंय. चैताचा म्हयना. हितं तुमी लिंबाचा पाला चावून राहिले, तिथं डोंगरावर कमरेइतका बरफ. अन् डोंगर कसला, आगीचा. शेंड्यातून धूर निघून राहिला, गंधकाचा वास, आन खाली सगळा पांढराफेक. गिरनीतला कारकून हुता हारुओ नावाचा, तो म्हने चल. पायाला फळ्या बांधल्या. मानसाहून लांब, म्होरून वाकवलेल्या."

"अन् फळ्या घेऊन डोंगर चढले?" कुणीतरी हमाल.

"मंग काय तुज्या खांद्यावर बसून? फळीच्या बुडाला कातडं बांधायचं. केस मागं वळलेले. म्होरं सरकतं, मागं घसरत न्हाई. पहाटं बरफ काचंवानी असतो, तवा चढायचं. वर जाऊन बसायचं. उन्ह चढलं का काच फुटते, वरचा थर ओल्या साखरंवानी व्हतो. ती घटका धरायची. कातडं सोडायचं आन सुटायचं. घाई केली तर काचंवरून मेला, उशीर केला तर मांडीपतुर रुतला."

मी एकदा विचारलं, "तात्या, एवढ्या वरून खाली येताना कसं वाटतं?"

त्यानं कपातला चहा बशीत ओतला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "खाली येतंय कोन? आपुन जागेवरच असतो. डोंगरच वर निघून जातो." आणि बशी तोंडाला लावली. तोच तो चांगला शब्द.

मुनीमजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी सहज विचारलं, "वरती खानं-पिनं काय?" तात्याची नजर माळेवर गेली. "बैल," तो म्हणाला. "उकडलेला. बरफात पुरून ठेवतेत, भूक लागली का शिंगाला धरून वढायचा." मुनीमजींनी कप खाली ठेवला आणि उठून गेले. नंतर तात्यानं मला सांगितलं, डब्यात भात होता आणि मुळ्याचं लोणचं. "माळ पाहिली आन ऱ्हाववलं न्हाई." पण बैल गावभर फिरून आला, भात आमच्या दोघांतच राहिला.

बैलावर, डोंगरावर, फळ्यांवर, कशावरच कुणाचा विश्वास नव्हता ती गोष्ट वेगळी. तात्याकडं एक फोटो होता. त्यात चार माणसं उभी, डोळ्यांना काळे चष्मे, तोंडाला फडकी, अंगावर मण मण कपडे. मुनीमजींनी फोटो उजेडाला धरला. "केरबाजी, यात तर कापसाच्या चार गठानी दिसून राहिल्या. तुमी कोनती?" त्या दिवसापासून तो बरफतात्या. लेकरं मागं लागायची, "बरफतात्या, बैल वाढा." तो दगड उचलायचा आणि बराबर नेम धरून मारायचा.

एका गोष्टीवर मात्र त्यानं कधी दगड उचलला न्हाई. ज्या चैत्रात तो त्या डोंगरावर होता, त्याच चैत्रात इथं त्याची बायको तापानं गेली. खबर बोटीनं पोचायला इतके दिवस लागले की तोवर इथं सगळं उरकलं होतं. लोक काय, लोक बोलतात. त्याच्या तोंडावर बोलायचे, "बायको सरनावर, अन् ह्यो बरफावर." तात्या ऐकून घ्यायचा आणि कानटोपी खाली ओढायचा. लेक, गोदा, तेव्हा लहान होती. ती मामाकडं वाढली आणि तात्या आल्यावर त्याच्याकडं आली. दोघं एका घरात राहायचे. बोलायचे पण, मीठ कमी आहे, दार लावून घे, असं.

गोदाचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. पोरगी हाताची उरकती, रंगानं उजळ, शब्दाला जपून. स्थळं यायची. पण स्थळ आलं की बाप पण समोर बसायचा. एका नवऱ्या मुलाच्या बापाला तात्या म्हणाला, "हे पोरगंच आनलंय, का पोराचा कवडी नमुना?" दुसऱ्याला विचारलं, पोराची मान जन्मापासून अशी आहे का हुंड्यासाठी वाकवून आणली. अशी तीन स्थळं गेली. गोदा प्रत्येक वेळी पोह्यांच्या बश्या उचलून आत न्यायची, त्यातल्या कितीकांना कुणाचा हातही लागलेला नसायचा.

मग जवळा बाजारचे भुजंगराव आले. मोठी जमीन, दावणीला बैलच बैल, एकुलतं एक पोरगं. भुजंगराव अंगानं आडवे, हसले की धोतराची गाठ सैल व्हायची. त्यांना गोदा पसंत पडली, आणि नवल म्हणजे तात्याही पसंत पडला. तात्यानं त्यांच्या मिशीबद्दल काही तरी वंगाळ म्हटलं, तर ते पोट धरून हसले. सुपारी फुटली. पानं वाटली. भुजंगराव बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे व्याही थापाडे हायत म्हनून ऐकून हाव आमी. आसू द्या. आमच्या घरात खरं बोलून कोनाचं भलं झालंय? बरफाच्या थापा सांगाव्या, आमी ऐकाव्या, रात बरी जाईल."

बैठक हसली. मी पण हसलो, मी तर खास हसलो, कारण भुजंगरावांचं हसू मला नकलेसाठी पाहिजे होतं.

तात्या उठून उभा राहिला. "मी थापा मारत न्हाई."

"बरं, न्हाई मारत," भुजंगराव म्हणाले.

"मी दाखवतो. चैत लागू द्या. औंढ्याच्या वाटंची टेकडी हाय, कुसळ वाळून चकाकतंय तिच्यावर. शेरडं घसरतेत. मी फळ्या बांधून चढतो आन उतरून दाखवतो. तुमी या. सगळ्यांला आना."

"कशापायी तकलीफ करता व्याही?"

"या म्हनलं ना."

पाहुणे गेल्यावर मी पानांचे देठ गोळा करून राहिलो होतो. गोदा आतून आली. इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. "बाबा, त्यांनी हासून घेतलं. हासू द्या की. थापाड्याची लेक म्हनून जाईन मी, मला काई न्हाई. जाऊ तर द्या."

"मला थापाड्या म्हनला तो."

"म्हनू द्या."

"मी तिथं गेलतो, गोदे."

"मला ठाव हाय तुमी कुठं गेलते," ती म्हणाली. "माज्याइतकं कोनाला ठाव हाय?"

तात्या दुसऱ्या दिवशी नागू सुताराकडं गेला.

नागूनं सागाच्या दोन फळ्या तासल्या. टोकं वाकवायला तात्यानं उकळत्या पाण्याच्या कढईवर त्या धरल्या, मी आणि नागू दुसऱ्या टोकाला लोंबकळलो. नागू म्हणाला, "तात्या, आडव्या चार काठ्या बी मारून देऊ का? तिरडीचं काम बी यातच भागंल." तात्या म्हणाला, "तुजी तिरडी उभी न्यावी लागंल नाग्या, तुजं पोट बघता." धनगराकडून बोकडाचं कातडं आणलं, केस मागं वळतील असं कापून फळ्यांच्या बुडाला बांधलं. मेणबत्त्या वितळवून तळाला चोळल्या. हे सगळं करताना तात्या शिव्या देत होता, पण त्या शिव्यांत चव नव्हती. माणूस खुशीत होता. मला तर वाटतं त्या दोन आठवड्यांत लेकीचं लग्न त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

चैत्रात ठरल्या दिवशी टेकडीखाली बाजार भरल्यासारखी माणसं जमली. फुटाणेवाले आले. मुनीमजी छत्री घेऊन आले. भुजंगराव पोराला घेऊन बैलांच्या दमणीतून उतरले. गोदा बायकांत मागं उभी, पदर दातात.

तात्यानं कानटोपी घातली, फळ्या बांधल्या आणि चढायला लागला. आधी लोक ओरडले. मग आवाज कमी झाला. वाळल्या कुसळावर साधा माणूस उभा राहत न्हाई, हा लांब लांब पाय सरकवत, एकदाही मागं न घसरता, मुंगळा भिंतीवर जातो तसा वर गेला. बोकडाचे केस कुसळाला धरून राहिले होते. शेंड्याला पोचला, कातडी सोडली, आणि खाली बसला.

बसला तो बसलाच. खालून लोक बोंबलायला लागले. "तात्या, बैल उकडून राहिला का?" "उतरा की, बायको वाट पाहून राहिली." शेवटचं कोण बोललं माहीत न्हाई. तात्यानं वरून हात केला, थांबा. सकाळची ओल अजून गवतात होती. उन्हानं ती उडेपर्यंत तो बसून राहिला, अधूनमधून हात मागं नेऊन कुसळ चाचपायचा, जसा कापूस चाचपायचा तसा. मग उठला.

आणि सुटला.

मी नकल्या आहे, माणसाचं अंग कसं चालतं ते माझ्या ध्यानात राहतं. हे राहिलं आहे पण करता येत न्हाई. गुडघे वाकलेले, हात दोन्हीकडं जरा उचललेले, आणि कुसळातून सुर्र असा आवाज, रेशीम फाडल्यासारखा. एका बाजूला झुकला, सगळी टेकडी त्याच्याबरोबर त्या बाजूला वळली. मग दुसऱ्या बाजूला. चेहरा मी बघितला. तो आमच्याकडं बघत नव्हता. खालच्या अंगाला गवतात काळा दगड होता, पेटीएवढा. तात्यानं तो बघितला न्हाई, का बघूनही वळला न्हाई, देव जाणे. फळी दगडावर गेली आणि नडगी मोडल्याचा आवाज फुटाणेवाल्यापर्यंत आला.

मग लोक हसले. असे हसले की टेकडीवरची पाखरं उठली. काहूनकी तात्या पालथा पडला होता, एक फळी आभाळाकडं, आणि कानटोपी तोंडावर.

मी धावलो. भुजंगराव पण आले, धापा टाकत. तात्यानं टोपी वर सरकवली. घामानं भिजला होता, ओठ पांढरे. पण डोळे असे की बघणाऱ्याला लाज वाटावी.

"पाहिलं का व्याही?"

"पाहिलं," भुजंगराव म्हणाले. ते हसत नव्हते. सगळ्या गर्दीत ते एकटे हसत नव्हते. "म्हंजी तुमी खरंच गेलते."

"व्हय."

"समिंदर वलांडून. त्या डोंगरावर."

"व्हय म्हनून राहिलो ना."

भुजंगरावांनी दमणीकडं बघितलं, जुवाखाली उभ्या बैलांकडं. "मंग बैल बी खरा," म्हणाले.

तात्याला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. "बैलाचं खोटं हाय. भात खाल्ला आमी. भात आन मुळा. मुनीमजीला चिडवाया बोललो ते. विचारा ह्या कवडीला."

"न्हाई व्याही. तुमी खोटं बोलत न्हाई, सगळ्या गावानं पाहिलं आज." त्यांनी धोतर सावरलं. "थापाड्याची पोरगी मी घरात घेतली असती. पोळ्याला आमची बायको बैलाचे पाय धुऊन पानी डोळ्यांला लावती. तिच्या चुलीवर बैल खाल्लेल्याची लेक मी कशी बसवू?"

पोराला हाक मारली, दमणीत बसले, गेले. गोदानं धुरळा बसेपर्यंत बघितलं, मग येऊन बापाच्या पायावरची दोरी सोडायला लागली.

हाडवैद्यानं पाय बसवला, पण वाकडा. तात्या बाजेवर पडून, मी रोज जाऊन बसायचो. गोदा हळद लावायची, पाणी द्यायची, तोंडातून शब्द न्हाई. एके दिवशी तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "जवळ्याला जा. पाच मानसांत सांगा, सगळं खोटं हुतं. जपान न्हाई, बोट न्हाई, डोंगर न्हाई. मंग बैल बी न्हाई."

"सगळ्यांनी पाहिलं, गोदे. एवढं खरं मी जिंदगीत कवा केलं न्हाई."

"मला बी तेच म्हनायचंय," ती म्हणाली.

बैलगाडीत गवत घालून त्याला निजवला. गाडी मी हाकली. वाटेत तो एकदाच बोलला. "कवडे, नक्कल करताना खोटं बोलतो तवा काय करतो तू?" मी म्हणालो, "तात्या, मी आधी समोरच्याला काय पाहिजे ते बघतो." तो हं म्हणाला.

जवळ्याला मारुतीच्या पारावर पाच म्हातारे, भुजंगराव, आणि बाकी गाव बघायला. तात्याला उचलून पाराच्या कडेला बसवला, मोडका पाय पुढं. तो म्हणाला, "मी जपानला गेलो न्हाई. थापा मारल्या."

"मंग त्या फळ्या?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"ममईत एक गोरा हुता. चौपाटीवर वाळूच्या ढिगावर शिकवायचा. त्याच्यापाशी शिकलो."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. वाळू पटली. भुजंगरावांचा जीव भांड्यात पडायला लागला होता, त्यांना पोरगी पाहिजेच होती. पण त्यांना एक सुटं टोक दिसलं, आणि ते भोळेपणानं बोलून गेले, "पर चार वर्सं? ममई काय लांब हाय? रोजची रेल हाय. बायको मेली तरी तुमी आले न्हाई, ते काहून?"

मला वाटलं आता तात्या शिव्या देणार, आणि मी मनातल्या मनात शिव्यांची वाट बघू लागलो. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला, सावकाश, कापूस ताणताना बघायचा तसा.

"बाई ठेवली हुती," म्हणाला.

पारानं श्वास सोडला. खरंच, ऐकू आला मला. "आस्सं सांगा की," एक म्हातारा म्हणाला आणि तंबाखूची चंची तात्यापुढं सरकवली. "मानूस हाय, चुकतो." "बाईनं धरून ठेवलं आसंल." भुजंगराव तर इतके हलके झाले की त्यांनी तात्याच्या पाठीवर थाप मारली. "व्याही, येवढं पयलंच बोलले असते तर पाय शाबूत ऱ्हायला असता." सगळे हसले, आपलं माणूस असल्यासारखे. सुपारी पुन्हा फुटली.

गोदाला मी सांगितलं न्हाई. गरजच पडली न्हाई, खबर आमच्या बैलांच्या आधी हिंगोलीत पोचली होती. आम्ही तात्याला आत घेतला तेव्हा ती चुलीपुढं होती.

"ते खोटं हाय गोदे," तात्या म्हणाला.

"कोनतं?" तिनं विचारलं, आणि भाकरी उलटली.

लग्न थाटात झालं. भुजंगरावांनी वऱ्हाडात सगळ्यांना व्याह्यांची ओळख करून दिली, "हे ममईवाले." ते नाव चिकटलं. हिंगोलीत तर लोकांना बरफापेक्षा बाई जास्त आवडली. जिनिंगमध्ये चहाच्या वेळी विचारायचे, "तात्या, नाव काय हुतं तिचं?" तात्या आधी गप्प बसायचा. मग कधीतरी नाव सांगितलं त्यानं. मग घर कुठं होतं ते सांगितलं. मग ती मासे कसे तळायची. एकदा खुलासा देऊन बसलेला माणूस, नंतर लोक सोडत न्हाईत त्याला. त्याच्या बोलण्यातली नांगी गेली. गाडीवाल्यांना भाव बरा देऊ लागला. ते म्हणायचे, बाईनं सुधारला तात्याला.

मग रझाकारांचे दिवस आले, जिनिंग बंद पडलं, आणि पाय ओढत एकट्यानं राहणं काही खरं नव्हतं. जावई येऊन त्याला जवळ्याला घेऊन गेला.

अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात, राज्य बदलल्यावर रस्ते मोकळे झाले तेव्हा, मी एका व्यापाऱ्यासाठी कापूस बघायला जवळ्याच्या बाजाराला गेलो. तात्याला बघायला भुजंगरावांच्या घरी शिरलो. तात्या ओसरीत बाजेवर शेंगा फोडत बसला होता. डोकं उघडं, केस सगळे पांढरे. मला बघून "ये कवडे" म्हणाला, पण सवयीनं. भुजंगराव बाजाराला निघून राहिले होते. जाताना सोबतच्या पाहुण्याला म्हणाले, "हे आमचे ममईवाले," आणि तात्यानं मान हलवली, नमस्कार घेतात तशी.

गोदानं मला मागच्या दाराशी चहा दिला. अंगानं भरली होती, हातात बांगड्या भरगच्च. घरात तिचा शब्द चालत होता, ते गडी तिला बघून सरळ उभे राहिले त्यावरून कळलं. ती दाराच्या चौकटीला टेकली.

"दादा, तुमी त्यांच्याबराबर काम केलं. एक खरं सांगा. ती बाई आजून हाय का?"

मला वाटलं ती गंमत करतेय. "कोनती बाई, गोदाताई? बाई नव्हतीच. तुमाला तर ठाव हाय. तुमीच धाडलं हुतं आमाला."

"मी डोंगर न्हाई म्हना म्हनलं हुतं," गोदा म्हणाली. "बाई हाय म्हना असं न्हाई म्हनलं. ते त्यांच्या तोंडातून निघालं. मी लई इचार केला दादा, धा वर्सं. मानूस बाईपायी ऱ्हातो. आई मरून राहिली तरी ऱ्हातो. समजतं ते. बरफापायी कोन ऱ्हाईल?"

"आमी तुमी पाहिलं ना टेकडीवर..."

"वाळूवर शिकले ते." ती आवाज न चढवता बोलत होती. "मला फकस्त येवढं कळू द्या, हाय का ती. सनावाराला हे असे एकटे बसतेत, कुठं तरी बघत. तिच्याकडं ध्यान लागलेलं असतंय. माजं जेवन गोड लागत न्हाई मला."

ओसरीतला शेंगांचा आवाज थांबला होता. मधी नुसती एक कुडाची भिंत.

"मेली ती," तात्या पलीकडून म्हणाला.

गोदा सरळ झाली. ओसरीत गेली, मी तिच्या मागं. "कवा?"

"झाला म्हयना. पटकीनं."

"तुमाला कोनी सांगितलं?"

तात्यानं माझ्याकडं बोट केलं. "यानं आनली खबर. त्याच्यापायीच आला हा."

गोदानं माझ्याकडं बघितलं. तात्यानं पण बघितलं, मघाशी नव्हती अशी धार एकदम त्याच्या डोळ्यांत. मी कुणाचाही आवाज काढतो. त्या वेळी स्वतःचा काढायला त्रास झाला. "व्हय ताई," म्हणालो. "पटकी लई हुती तिकडं."

"पोरंबाळं?"

"न्हाईत," तात्या म्हणाला.

गोदा बाजेच्या कडेला बसली. पदरानं तोंड पुसलं, कपाळ पुसलं. बराच वेळ बापाच्या वाकड्या पायाकडं बघत राहिली. मग उठून म्हणाली, "तसेच शेंगा खाऊन राहिले? खबर आली का आधी आंघूळ करायची आसती. कशी बी आसली तरी तुमची हुती."

तात्यानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

तिनं गड्याला हाक मारली न्हाई. स्वतः चुलीवर हंडा चढवला. पाणी तापल्यावर बापाच्या काखेत हात घालून त्याला अंगणात नेलं, न्हाणीच्या दगडावर बसवलं. पाय दुमडत नव्हता, तो तिनं हळूच उचलून समोर ठेवला. तात्या उघड्या अंगानं बसला, बरगड्या मोजून घ्याव्या असा. मी निघालो होतो, बाजाराची वेळ टळत होती. फाटकातून वळून बघितलं तेव्हा गोदा तांब्यानं त्याच्या डोक्यावर पाणी घालत होती, एका हातानं केस मागं सारत, लेकराला न्हाऊ घालतात तसं, आणि तात्यानं डोळे मिटले होते.

"लई कढत हाय का, बाबा?" तिनं विचारलं.

"बराबर हाय," तात्या म्हणाला. "घाल."